भाषा सोडली तरच देश आपला होतो का?

परवा मित्राने विचारलं, "अमेरिकेत एवढे लोक बाहेरून येतायत, मग त्या देशाची ओळख राहील का रे?" मला नेब्रास्का राज्य आठवलं. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, तिथे आठवीच्या खालच्या पोरांना परकी भाषा शिकवायला बंदी आली. रोख जर्मनवर होता. रॉबर्ट मेयर या शिक्षकाने दहा वर्षांच्या मुलाला जर्मन शिकवलं म्हणून दंड झाला. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच घटनाबाह्य ठरवला.

आज तिथे पाचातला एकापेक्षा जास्त माणूस घरी इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलतो. देश मोडला नाही. इंग्रजी लोक आपणहून शिकतात, कारण पोट त्यावर चालतं. मिसळायला घरची भाषा पुसावी लागत नाही.

आपलंही तेच. घरी मराठी, बाजारात कन्नड. कन्नड यायलाच हवी, त्याला माझी ना नाही. पण मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, अशी सोय करायला संविधानाचं कलम ३५०अ राज्यांना सांगतं. "इथं राहता, मग मराठी कशाला?" असं कुणी म्हणालं तर भांडू नका मित्रांनो. हे कलम दाखवा, आणि धाकट्या भावंडाचं नाव मराठी शाळेत घाला.