कंबरदुखीला पट्टा नको, हालचाल हवी

आषाढात दिवसदिवस वाकून तरवा काढायचा, चिखलात लावणी करायची. वैशाखात हापूसच्या पेट्या उचलायच्या. मिरकरवाड्यात मासळीच्या टोपल्या वाहायच्या. रत्नागिरीत कंबरदुखीची कारणे शोधावी लागत नाहीत. दुखू लागले की गोळी, इंजेक्शन, पट्टा आणि ‘आता वाकू नका’ हा सल्ला ठरलेला. दुखणे तीन महिन्यांपुढे गेले, तर मात्र हा क्रम बदलायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत व्यायामाची शिफारस आहे. पट्टे आणि ट्रॅक्शन मात्र नेहमीच्या उपचारात नकोत, असे म्हटले आहे. अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये औषधांआधी योग, ताई ची असे मार्ग सुचवले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनमधील अभ्यासात ३२० रुग्ण होते, बहुतेक कमी उत्पन्नाचे. १२ आठवडे योगवर्गाला जाणाऱ्यांना फिजिओथेरपी घेणाऱ्यांइतकाच गुण आला.

योग हा चमत्कार नव्हे. इतर व्यायामांपेक्षा तो सरस ठरलेला नाही आणि सुधारणाही बेताचीच असते. पण जुनाट दुखण्यात भीतीचा वाटा मोठा असतो. दुखेल म्हणून माणूस हालचाल टाळतो, स्नायू दुबळे होतात आणि दुखणे वाढते. श्वासाच्या लयीत सावकाश केलेले मार्जारासन किंवा भुजंगासन स्नायूंना काम देते आणि मनातली धास्तीही कमी करते.

‘दिवसभर राबतोच की, वेगळा व्यायाम कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. पण शेतातले वाकणे एकाच बाजूचे, घाईचे, ओझ्याखालचे असते. व्यायामात शरीर सर्व बाजूंनी, आपल्या बेताने हलते.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि आसनांचे परिणाम प्रयोगशाळेत तपासले. शंभर वर्षे उलटली, तरी लावणी करणाऱ्या बाईपर्यंत योग पोहोचतो तो फार तर २१ जूनला. गावोगावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत योगवर्ग घेणे अपेक्षितच आहे. ते शेतीची कामे आटोपल्यावर, संध्याकाळी, आठवड्यातून एकदा तरी नियमित भरावेत. शिकवणाऱ्याला कंबरदुखीची जाण हवी. ग्रामपंचायतींनी आणि महिला बचत गटांनी ही मागणी लावून धरावी.

एक खबरदारी मात्र हवीच. लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातली ताकद कमी झाली, ताप येऊ लागला, वजन घटले किंवा पडल्यानंतर दुखू लागले, तर आसने करत बसू नये. लगेच डॉक्टर गाठावा.