काढ्याचाही हिशेब हवा

मंडईच्या आसपास काष्ठौषधींच्या दुकानांत लेंडी पिंपळी, अडुळसा, गुळवेल मागायला येणाऱ्यांत जुन्या खोकल्याने बेजार झालेली माणसे पुष्कळ. त्यांतल्या काहींना क्षय असतो, आणि एखाद्याला गोळ्यांना दाद न देणारा क्षय. अशा माणसाला हल्ली मोबाइलवर फुकटचा सल्ला मिळतो: गोळ्यांनी यकृत जाते, त्यापेक्षा निसर्गातले घ्या, त्याने अपाय होत नाही.

सल्ला देणाऱ्याला गोळ्यांचे कूळ ठाऊक नसते. क्षयाच्या उपचारातले मुख्य औषध रिफाम्पिसिन. १९५७ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या पाइनवनातली माती मिलानच्या लेपेटिट कंपनीत पोचली. तिच्यातल्या एका सूक्ष्मजीवाने बनवलेल्या द्रव्यात फेरफार करून हे औषध घडवले गेले. १९४३ मध्ये हाती लागलेले स्ट्रेप्टोमायसिनही मातीतलेच, आणि कानामायसिनही. हट्टी क्षयाच्या रुग्णांना याच कानामायसिनची इंजेक्शने महिनोन्महिने टोचली जात. त्यांत अनेकांचे कान गेले. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांचे गेले. त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह हट्टी क्षयावरच्या बेडाक्विलिन या औषधाची मक्तेदारी लांबवण्याला हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने ती मान्य केली. निसर्गजन्य औषधाने बहिरेपण आले, आणि लढाई झाली ती कृत्रिम औषध स्वस्त व्हावे म्हणून!

कारण आज अशा रुग्णांचा भरवसा आहे तो बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या चौकडीवर. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये मान्य केलेला हा साधारण सहा महिन्यांचा उपचार. चारही औषधे प्रयोगशाळेत घडवलेली. उलट जंतूने ज्याला आधी निष्प्रभ केले, ते रिफाम्पिसिन मातीतून आलेले. क्षयाचा जंतू औषधाचे गोत्र विचारत नाही.

म्हणून पिंपळीला हसायचे असे मात्र नाही. तिच्यातले पिपरीन दुसऱ्या औषधांना रक्तात अधिक प्रमाणात पोचवते, हे जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दाखवले. त्यातून कॅडिला फार्मास्युटिकल्सने २००९ मध्ये ‘रिसोरीन’ बाजारात आणली: पिपरीनच्या जोडीने ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम रिफाम्पिसिन. वैद्यकपरंपरेतले निरीक्षण, मोजलेली मात्रा, माणसांवर चाचणी, मग परवाना. रस्ता हा असा असतो. अर्थात रिसोरीन साध्या क्षयासाठी आहे. ज्याचा जंतू रिफाम्पिसिनलाच जुमानत नाही, त्याला तिचा उपयोग काय?

शिवाय पिपरीनचा हाच गुण पिंपळी असलेल्या चमचाभर त्रिकटू चूर्णातही आहे, तिथे मात्र मोजमाप नाही. औषधे मोडणाऱ्या यकृतातल्या विकरांना पिपरीन अडवते. बेडाक्विलिनही तीच विकरे मोडतात, आणि ते रक्तात वाढले तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. गुळवेलीबाबतही जपायला हवे. कोविडकाळात तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले, आयुष मंत्रालयाने ते अमान्य केले, वाद राहिला. पण ज्याचे यकृत आधीच गोळ्यांचा भार वाहते आहे, त्याने या वादात स्वतःचे यकृत कशाला पणाला लावावे?

अडुळशाची गोष्ट तर चुटपुट लावणारी. त्याच्या व्हॅसिसिनपासून ब्रोमहेक्सिन निघाले, जे खोकल्याच्या औषधात घरोघरी असते. ते काचपात्रात क्षयजंतूची वाढ रोखते, असे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. पण काचपात्रातला जंतू उघड्यावर असतो. फुप्फुसातला पेशींच्या आत, गाठीत दडून बसतो, आणि तिथवर पुरेशी मात्रा नेणे हेच खरे काम. त्या कामाला वर्षे आणि पैसा लागतो. आपल्याकडे परंपरेचा अभिमान उदंड, चाचणीच्या खर्चाच्या वेळी सगळे गप्प.

तोवर निदान एक करता येईल. रुग्णाला उपचार केंद्रावर मधुमेह, तंबाखू, दारू यांबद्दल विचारतात, तसे काढा कोणता, चूर्ण किती, हेही विचारावे. न रागावता विचारावे, नाहीतर तो सांगणार नाही. आणि मंडईतल्या दुकानदाराने पिंपळीची पुडी बांधताना, क्षयाच्या गोळ्या चालू आहेत का, एवढे विचारायला काय हरकत आहे?