अंतर थांब्यांत मोजावे

कोल्हापूरहून रत्नागिरी सुमारे १३० किलोमीटर. बांबवडे, मलकापूर ही गावे मागे पडली की आंबा येते. तिथून घाट उतरला की साखरपा, नाणीज, पाली, हातखंबा आणि मग समुद्र. घाटमाथ्यावरचा गूळ याच वाटेने कोकणात उतरतो आणि कोकणचा हापूस व मासळी याच वाटेने वर चढते. पूर्वी २०४ आणि आता १६६ असा क्रमांक मिरवणाऱ्या या महामार्गावरून किती वृद्ध माणसे लेकीकडे, मुलाकडे वा दवाखान्यासाठी ये-जा करीत असतील, याची गणती नाही. त्यांतलीच एक माझी आई.

धाकट्या भावाच्या मुलीचे बारसे रत्नागिरीला होते. आईचे वय शहात्तर. तिला रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि त्याच गोळीत लघवीचे प्रमाण वाढवणारे औषधही आहे. सकाळी सातला निघालो तेव्हा तिने नेमाने गोळी घेतली, पण जेमतेम एका घोटाबरोबर. चहा नको म्हणाली. मलकापूरला मी पाण्याची बाटली पुढे केली, तर तिने हात आडवा धरला. “नको गं, राहू दे. मला तहान नाही.”

घाट उतरल्यावर साखरप्याजवळ थांबलो. आई गाडीतून उतरून उभी राहिली आणि दुसऱ्याच क्षणी तिचे गुडघे वाकले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. भावाने वेळेवर सावरले म्हणून ती दगडावर पडली नाही. तिथेच सावलीत आडवे निजवून पाय उशीवर ठेवले. काही मिनिटांनी तिने डोळे उघडले. जवळच्या डॉक्टरांनी तपासले तेव्हा रक्तदाब बराच उतरलेला होता. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “आजी, पाणी केव्हा प्यायलात?” आईने मान खाली घातली. आदल्या संध्याकाळपासून तिने पाणी जवळजवळ टाळले होते. का, ते तिने डॉक्टरांना सांगितले नाही. गाडीत बसल्यावर माझ्या कानाशी पुटपुटली, “वाटेत कुठं जाऊ मी? गुडघे वाकत नाहीत, आडोसा नाही. सारखं थांबा म्हणायलाही बरं वाटत नाही.”

वाचकहो, त्या दिवशी दोष आईचा नव्हता. गाडीत पेट्रोल किती, घाटात धुके असेल का, हे सारे मी पाहिले होते. तिला कुठे उतरता येईल, हे मात्र पाहिले नव्हते.

वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते आणि पाणी राखून ठेवण्याची मूत्रपिंडांची क्षमताही कमी होते. म्हणून ‘तहान नाही’ या उत्तरावर विसंबू नये. त्यात लघवी वाढवणारे औषध आणि तासन्तास एका जागी बसणे यांची भर पडली, की उभे राहताच रक्तदाब एकदम खाली येतो. अशा वेळी पडून मांडीचे हाड मोडले, तर एका प्रवासाची किंमत पुढची कित्येक वर्षे मोजावी लागते.

तेव्हा निघण्यापूर्वी वाट थांब्यांत मोजावी. दर दीड तासाने एक थांबा धरावा. जिथे कमोड आहे आणि पायरी उंच नाही, अशा जागा आधी फोनवरून विचारून ठेवाव्यात. “थांबायचं का?” असे विचारू नये, उत्तर ‘नको’ असेच येते. “आता आपण थांबतोय,” असे म्हणावे. पाणी एकदम न देता घोटाघोटाने द्यावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर ती पाळावी. लघवीची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. प्रवासाच्या दिवशी तिची वेळ पुढे ढकलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

उतरताना घाई नको. आधी दोन्ही पाय गाडीबाहेर सोडून मिनिटभर बसावे, पावले वरखाली हलवावीत आणि मग आधार घेऊन उभे राहावे. थांब्यावर चार पावले चालल्याने पायांत रक्त साकळत नाही. प्रवासानंतर एकाच पायाला सूज व दुखणे आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. अचानक धाप लागली वा छातीत दुखू लागले, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी कधीही घालू नये.

घाटातल्या वळणांनी मळमळते म्हणून अनेक जण दुकानातून गोळी आणून देतात. वृद्धांमध्ये अशा गोळ्यांनी गुंगी येते, कधी भ्रम होतो आणि प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांची लघवी तुंबू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती देऊ नये. पुढच्या आसनावर बसवावे, नजर दूर रस्त्यावर ठेवायला सांगावे आणि पोट रिकामे वा तुडुंब नसावे, एवढ्यानेही पुष्कळांना बरे वाटते. मधुमेह असेल तर खाण्याची वेळ टळू देऊ नये, साखर हाताशी ठेवावी आणि इन्सुलिन उन्हात तापणाऱ्या गाडीत सोडू नये.

पावसाळ्यात एका दिवसाची जादा औषधे बरोबर असावीत. २०२१ च्या जुलैतील अतिवृष्टीत आंबा घाटाचा रस्ता खचला आणि वाहतूक बंद पडली, हे या वाटेवरची माणसे विसरलेली नाहीत. महाराष्ट्रात ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास विनामूल्य आहे, त्यामुळे पुष्कळ आजी-आजोबा एकटेच निघतात. त्यांच्या खिशात औषधांची यादी व घरचा क्रमांक लिहिलेला कागद अवश्य ठेवावा.

बारशाला आम्ही उशिराच पोहोचलो. नाव ठेवून झाले होते. आईने पाळण्याची दोरी मागाहून हलवली. परतताना मात्र आम्ही पालीला थांबलो, साखरप्याला थांबलो, घाट चढून आंब्यालाही थांबलो. तासभर जास्त लागला. मलकापूर जवळ आले तेव्हा मागून आईचा आवाज आला, “ती बाटली दे गं इकडं.”