शॉकअपची परीक्षा ताशी २०ला!

प्रत्येक ऑफिसात एक तरी गाडीवेडा असतोच. लंच टाइमला आपण डबा उघडतो आणि तो बॉनेट! आमच्याकडचा हा प्राणी जरा पुढच्या लेव्हलला गेलाय. त्यानं एक जुनी हॅचबॅक घेतली आणि जाहीर केलं, ‘येत्या सीझनला रॅली करायची. कच्च्या रस्त्यावरची!’ आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, ‘को-ड्रायव्हर तू.’ माझ्या टाळ्या तिथेच थांबल्या.

प्रॉब्लेम असा, की गाडीचे शॉकअप गेल्यात जमा होते. साहेबांकडे उत्तर तयार होतं. कुणीतरी सर्किट रेसिंगच्या गाडीतून काढलेला इम्पोर्टेड सेट विकत होता. सोनेरी नळ्या, निळ्या स्प्रिंगा, एकदम चकाचक! किंमत म्हणाल तर आमच्या दोघांचा मिळून एका महिन्याचा पगार. ‘बोनस आलाय, उचलून टाकतो,’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘बाजूच्या सीटवर माझा मणका बसणार आहे. एक आठवडा थांब.’

त्याच वीकेण्डला आम्ही त्याच्या घरी, गोंदियाला गेलो. कचारगड दाखवायचं प्रॉमिस त्यानं दोन वर्षं लटकवून ठेवलं होतं. गाडी तीच. रोलकेज अजून बसायचा होता, कागदपत्रं जागेवर होती आणि शॉकअप अर्थातच नव्हते!

गोंदियाहून आमगाव, सालेकसा करत दरेकसाकडे निघालं, की जंगल आणि डोंगर जवळ येत जातात. मुंबई-हावडा रेल्वेमार्ग इथूनच जातो. पलीकडे लगेच छत्तीसगड. इथल्या डोंगरात कचारगडची ती प्रचंड गुहा आहे. गोंड समाजाचं हे मोठं श्रद्धास्थान. या गुहेत कोंडलेल्या मुलांची पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी सुटका केली, अशी कोया पुनेमची परंपरा सांगते. माघ पौर्णिमेच्या यात्रेला वेगवेगळ्या राज्यांतून लोक येतात. आम्ही पोचलो तेव्हा यात्रा तोंडावर आली होती.

पायथ्याच्या धनेगावच्या अलीकडे एक कच्चा तुकडा लागला. मित्राचे डोळे चमकले. ‘इथे जरा ताणून बघू? शॉकअपचं काय ते कळेल.’ मी काही बोलायच्या आतच समोरून माणसं आली. डोक्यावर बोचकी, हातात झेंडे, कडेवर पोरं. एक आजोबा हसून ‘जय सेवा’ म्हणाले. आम्हीही म्हणालो. मित्रानं मुकाट्यानं पाय उचलला. काटा २०वर. ‘टेस्ट बोंबलली,’ तो पुटपुटला.

बोंबलली नव्हती. खरी टेस्ट तिथेच सुरू झाली होती. एका दगडावरून मागचं उजवं चाक गेलं आणि गाडी एकदा हलून थांबण्याऐवजी ‘धप-धप-धप’ नाचतच राहिली. पुढे रस्ता पन्हळी पत्र्यासारखा झाला होता. तिथे गाडीचा मागचा भाग ताशी २०लासुद्धा बाजूला सरकत होता. गाडी लावल्या लावल्या मित्र खाली वाकला आणि जपून मागच्या दोन्ही शॉकअपना हात लावला. (तुम्ही हे करणार असाल तर सायलेन्सर सांभाळा!) डावा चांगला तापला होता, उजवा गार.

‘म्हणजे उजवा बरा आहे?’ मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी गोंदियातले त्याच्या ओळखीचे मिस्त्रीकाका या प्रश्नावर पोटभर हसले. ‘बाबू, जो थंडा आहे तो कामच नाही करत!’ आणि त्यांनी नळीवरचा धूळ चिकटलेला तेलाचा ओघळ दाखवला.

फंडा साधा आहे. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. पण स्प्रिंग एकदा दबली की उसळत राहते. ती उसळी मारायचं काम शॉकअपचं. आतला पिस्टन बारीक वाटांमधून तेल ढकलतो आणि चाकाच्या हालचालीची उष्णता होते. खराब रस्त्यावर काम करणारा शॉकअप तापणारच. गार राहिला, तर समजा त्यानं व्हीआरएस घेतलीय!

मला खरा शॉक बसला तो पुढच्या गोष्टीनं. शॉकअपच्या भाषेत ‘लो स्पीड’ आणि ‘हाय स्पीड’ म्हणतात तो गाडीचा वेग नव्हेच. तो पिस्टनच्या दांड्याचा वेग. वळणावर गाडी शंभरनं कलली तरी दांडा सावकाश हलतो. उलट ताशी २०ला टोकदार दगड लागला, की दांडा फटकन आत जातो. म्हणजे त्या आजोबांसमोर आम्ही निमूटपणे चाललो होतो, तेव्हा शॉकअपची अवघड परीक्षाच चालू होती. ‘ताणून’ बघायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी काकांच्या बाकड्यावर चहा पिता पिता चार प्रश्न कागदावर उतरले. गाडीवेड्या मित्राला फॉरवर्ड करा, त्याचे पैसे वाचतील.

पहिला : नियम काय म्हणतात? खरेदी नंतर, नियमांचं पुस्तक आधी! भारतात मोटरस्पोर्टचं नियमन एफएमएससीआय ही संस्था करते आणि प्रत्येक गटाला वेगळी सूट असते. जगभर गाजलेल्या ग्रुप एन गटाचंच बघा. तिथे शॉकअप बदलायला मोकळीक होती, पण त्यांची संख्या, प्रकार, काम करायची पद्धत आणि बसवायच्या जागा मूळच्याच ठेवाव्या लागत. तपासणीत गाडी बाद झाली, तर सोनेरी नळ्या घरी शोकेसमध्ये!

दुसरा : रस्ता कुठला? इथेच मित्राचा ड्रीम सेट आडवा झाला. सर्किटची गाडी जमिनीला चिकटलेली असते, तिचे शॉकअप कडक आणि कमी हालचालीचे. नाशिकच्या ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’सारख्या कच्च्या रस्त्यावरच्या रॅलीत चाकाला खूप वर-खाली जावं लागतं. खड्ड्यात खाली उतरून जमीन धरणंही तितकंच महत्त्वाचं. हवेतलं चाक ना ब्रेक मारतं, ना वळतं. म्हणून स्प्रिंग त्या मानानं मऊ, हालचाल लांब आणि टोकाला दणका झेलणारा बम्प स्टॉप.

आणि ‘कडक म्हणजे भारी’ हा गैरसमज तर काढूनच टाका. शॉकअप परत उघडताना फार कडक असेल, तर एका खड्ड्यातून चाक पूर्ण खाली यायच्या आत दुसरा खड्डा येतो. पन्हळी रस्त्यावर गाडी अशी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी दणके थेट बॉडीला. म्हणजे मला!

मारुतीची १९८५ सालची जिप्सी आठवा. पुढे-मागे चक्क कमानपाटे. पाटे एकमेकांवर घासतात, तेवढ्यानंही उसळी थोडी मरते. त्यामुळे जिप्सीला जे जमतं ते कॉइल स्प्रिंगवाल्या हॅचबॅकला जमेलच असं नाही. शॉकअप गाडीचं वजन आणि स्प्रिंग बघून निवडायचा, मित्राची गाडी बघून नाही.

तिसरा : नळी कुठली? ट्विन ट्यूबमध्ये नळीच्या आत नळी. बाहेरच्या नळीला दगडानं पोचा आला तरी आतला पिस्टन बहुधा चालत राहतो. पण तेल सतत तापलं, की त्याला फेस यायची शक्यता जास्त. फेसातून पिस्टन सहज सरकतो आणि स्टेजच्या शेवटी गाडी होडीसारखी डुलते. मोनोट्यूबमध्ये एकच नळी. तेल आणि जास्त दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन. फेस कमी आणि उष्णता थेट हवेत. बिलस्टाइननं १९५७ साली मर्सिडीजसाठी हेच तंत्र कारखान्यात उतरवलं. अडचण एकच. नळीला पोचा आला, की पिस्टन अडकतो. म्हणून कच्च्या रस्त्यासाठी जाड नळी हवी आणि दगडांपासून संरक्षण हवं. बाजूला लटकणारा डबा शोभेचा नाही. त्यानं तेल वाढतं आणि गॅसची जागा बाहेर गेल्यानं दांड्याला पूर्ण हालचाल मिळते.

पुढच्या स्ट्रटला आणखी एक दुखणं. तो नुसता शॉकअप नाही, चाकाला आधारही त्याचाच. वळणावरचा बाजूचा ताण त्याच्यावर येतो. म्हणून रॅलीत बऱ्याचदा उलटा बसवलेला मोनोट्यूब वापरतात. बारीक दांड्याऐवजी जाड नळीच सरकते, वाकायची भीती कमी.

चौथा : उघडणार कोण? सर्वांत अनरोमँटिक प्रश्न आणि सर्वांत महागही. कच्च्या रस्त्यावर सील जाणार, दांड्यावर ओरखडे येणार, तेल काळं पडणार. रॅलीचा शॉकअप ठरावीक धावेनंतर उघडायचाच असतो. त्याचे सील, तेल आणि आतल्या पातळ चकत्या कुठे मिळतील? मशीनवर तपासून कोण देईल? उत्तर ‘परदेशात पाठवू’ असेल, तर मधल्या काळात गाडी विटांवर. पुण्याचे संजय टकले २०२५ साली डकार रॅलीच्या क्लासिक गटात उतरले आणि त्यांनी ती पूर्ण केली. दोन आठवडे वाळवंट तुडवायचं, तर गाडी रोज संध्याकाळी उघडून सकाळी उभी करता आली पाहिजे.

मित्र बराच वेळ गप्प होता. मग त्यानं फोन काढला आणि सोनेरी सेटवाल्याला ‘सॉरी’चा मेसेज टाकला. शेवटी आला तो कच्च्या रस्त्यासाठी बनलेला, काळा, बिनचमकीचा मोनोट्यूब सेट. किंमत कमी, शिवाय तो आपल्याकडे उघडून परत बांधता येतो. उरलेल्या पैशांत सीलचा एक जादा संच आणि इंजिनाखाली जाड पत्रा. इन्स्टावर फोटोला लाइक्स कमी पडले, एवढंच नुकसान!

एक गोष्ट मात्र कागदावर लिहिली नाही, पण दोघांच्याही लक्षात राहिली. रॅलीची स्पेशल स्टेज वाहतुकीला बंद असते, म्हणून तिथे ताणायचं. दोन स्टेजमधल्या रस्त्यावर रॅलीच्या गाडीलाही सगळे वाहतुकीचे नियम पाळावे लागतात. कचारगडच्या वाटेवर तर पहिला हक्क चालणाऱ्यांचा. त्या दिवशी ते आजोबा समोर आले नसते, तर आम्ही वेग मोजला असता आणि उजव्या शॉकअपचं गार अंग आम्हाला कळलंही नसतं.

पहिली रॅली अजून व्हायचीय. नव्या शॉकअपबद्दल माझ्या मणक्याचं मत तेव्हाच कळवतो!