हिमगौरी मराठीत कधी बोलणार?

डिस्नेचा 'हिमगौरी आणि सात बुटके' हा चित्रपट १९३७चा. फ्रेंचमध्ये तो तीनदा डब झाला – १९३८, १९६२ आणि २००१ मध्ये! आणि आपल्याकडे? २०१९ मध्ये 'फ्रोझन २' हिंदी, तमिळ, तेलुगूत आला, मराठीत नाही. म्हणे, मराठी माणसाला हिंदी कळतंच! त्याच वर्षी 'लायन किंग'मधल्या हिंदी टिमॉनला आवाज दिला आपल्या श्रेयस तळपदेने. गळा मराठी, बोली मात्र हिंदी.

चेंबूरच्या वस्तीत मी मुलांचा वर्ग घेते. घरी मराठी बोलणाऱ्या मुलीही राजा-राणीचा खेळ मांडला की हिंदीत शिरतात. आईची भाषा काय फक्त रागावण्यापुरती? मराठीत आणा, आम्ही मुलांना घेऊन येतो, हे आपापल्या गावच्या थिएटरवाल्याला आपणच सांगायला हवं.