गाडीला अलार्म बसवताना

नांदेडच्या वजिराबादमध्ये किंवा लातूरच्या गंजगोलाईत गाडी लावून आपण खरेदीला जातो, जुम्याला मशिदीबाहेर लावतो. तेवढ्यात ती चोरीला गेली तर रोजी बुडते, कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात. म्हणून अलार्म जरूर बसवा, पण पारखून घ्या.

किती धक्का लागल्यावर वाजायचे, हे कमी-जास्त करता येणारा अलार्म निवडा. शेजारून ट्रक गेला तरी कोकलणाऱ्या अलार्मकडे चार दिवसांनी कुणी वळूनही पाहत नाही. उभ्या गाडीत तो किती वीज खातो, हेही विचारा. २० मिलिअँपिअर खात असेल, तर ४ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी आठेक दिवसांत रिकामी होते. वायरी कापून जोडणी करू देऊ नका. त्यावरून वॉरंटीचा वाद होऊ शकतो.

अलार्म ओरडतो, गाडी धरून ठेवत नाही. त्यामुळे हँडल लॉक कराच, डिस्क ब्रेक असेल तर त्यालाही कुलूप लावा. आणि घरातली पॉलिसी आजच काढून पाहा : नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही. चोरीचा विमा असला तरी कंपनी गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागते; दुसरी किल्ली जपून ठेवा. गाडी गेलीच, तर लगेच ११२ ला फोन करून पोलिसांत फिर्याद द्या आणि विमा कंपनीला कळवा.