पिशव्या मोजल्या, पुढचं दुखणं कोण विचारणार?

खोकला आला, शिंक आली किंवा घागर उचलली की लघवी निसटते, हे दुखणं आमच्या मांजरसुंब्यात कुणी मोठ्यानं बोलत नाही. 'वय झालं' म्हणायचं आणि लग्नकार्य, एस.टी.चा प्रवास, कपिलधारची यात्रासुद्धा टाळायची!

२०१९ मध्ये आपला बीड जिल्हा देशभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. खाडा पडला की दंड, फडात ना आडोसा ना संडास, अशी ती कारणं. पिशव्यांची मोजदाद झाली, पण त्या बायकांच्या पुढच्या आयुष्याचं काय? तेव्हाच्या पस्तिशी-चाळिशीतल्या बायका आता वयानं पुढं सरकल्यात. बाळंतपणं, डोक्यावरच्या मोळ्या, जुना खोकला, बद्धकोष्ठता यांनी ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात. पाळी गेल्यावर त्यात भर पडते. पिशवी काढल्यानंतरही हा त्रास वाढण्याची शक्यता असते.

पण सैल पडलेला स्नायू व्यायामानं पुन्हा बळकट होतो. अमेरिकेतले डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्येच हे मांडलं. लघवी आणि वारा अडवताना जो भाग आवळतो, तोच पाच-सहा सेकंद आवळून धरायचा, मग तेवढाच वेळ सैल सोडायचा. एका वेळी आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास रोखायचा नाही. लघवी करता करता मात्र हा व्यायाम करू नये.

जोडीला अंगात ताकद हवीच. हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं, एवढ्यावर सुरुवात होते. वजन उचलण्याआधी तो स्नायू आवळा आणि उचलताना श्वास सोडा. भीतीनं पाणी पिणं कमी करू नका, त्यानं जळजळ वाढते. लघवीत रक्त, आग किंवा अंग बाहेर येत असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

ओझं वाहायला जिची ताकद सगळ्यांना चालते, तिला स्वतःसाठी ताकद कमवायला दहा मिनिटं मिळू नयेत? आशाताईंनी घरोघरी हा प्रश्न विचारावा, ग्रामीण रुग्णालयात हा व्यायाम शिकवणारी बाई असावी, अशी मागणी बचत गटांतूनच व्हायला हवी. आणि सासूबाईंना, आईला आपणच आधी विचारू या. त्या आपणहून सांगणार नाहीत.